वेतमाळाच्या पाटीसाठी चार ओळी

अन्याय तुमच्यावर झाला, नाना. तुमच्या तेराव्याच्या दिवशी झाला, दुसरी पंगत उठून तिसरी बसायच्या मधल्या वेळात, आपल्याच अंगणात, तुमच्याच फोटोसमोर. करणारे तुमचे विद्यार्थी होते. आणि करताना ते रडत होते, म्हणून कुणाला तो अन्याय वाटला नाही.

दत्तादादा उठला. जवळा बाजारात त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, तारा, पाइप, खिळे, सगळं. तुमच्या वर्गात तो कायम मागच्या बाकावर बसायचा, आणि लाडका कायम तोच. बोलायला उभा राहिला आणि आधी रडलाच. वेतमाळावर एकदा कोकरू जन्मलं आणि श्वासच घेईना, तेव्हा तुम्ही त्याला पुढं ओढून म्हणालात, "दत्ता, नाक पूस अन् फुंकर घाल," त्यानं आपल्या शाळेच्या सदऱ्यानं कोकराचं नाक पुसलं, फुंकर घातली आणि कोकरू शिंकलं, हे त्यानं सांगितलं. अंगणातल्या बायका डोळ्यांना पदर लावायला लागल्या. मग तो म्हणाला, "सरांचं नाव ऱ्हायलं पायजे. आमी समद्यांनी ठरवलंय. वेतमाळावर सरांच्या नावाचं उद्यान करायचं. चारी बाजूनं तारेचं कुंपण, मधात बाकडी, फुलझाडं, अन् फाटकाशी काळ्या दगडाची पाटी. पाटीवर सरांचा तो इंग्रजी शब्द."

टाळ्या वाजल्या. तेराव्याला टाळ्या वाजवत नसतात, पण वाजल्या. सरपंच तिथंच जेवायला आलेले होते, त्यांनी हात वर करून होकार दिला. माझी चुलती, मोठीमाय, चुलीपाशी पुऱ्या तळत होती. "वेतमाळ" आणि "कुंपण" हे दोन शब्द एकाच वाक्यात ऐकून तिनं झारा खाली ठेवला. पुरी तेलात काळी होईपर्यंत तिनं तो उचलला नाही.

नंतर दत्तादादा माझ्याकडं आला. "कावेरी, तू पत्रकं लिहितीस. सरांची पुतणी हायेस. पाटीसाठी चार ओळी दे. स्पेलिंग, अर्थ, अन् शब्द कुठून आला ते. उद्घाटनाला वाटायच्या स्मरणिकेत बी तेच टाकू."

म्हणून लिहिते आहे, नाना. चार ओळींत मावलं नाही. तुम्ही असता तर लाल पेन घेऊन बसला असतात.

स्मरणिका वाचणारे काही जण पुण्यात, काही नांदेडात, काही आणखी लांब गेलेत. त्यातल्या काहींना वेतमाळ आता नीट आठवतही नसेल. गावाच्या उगवतीला गायरानाचा जो उतार आहे, तो वेतमाळ. वेत म्हणजे व्यायची खेप. पहिल्या वेताची, दुसऱ्या वेताची असं आपण म्हणतो ते. तिथं वारा अडतो, सकाळचं ऊन लवकर येतं, बाभळीची सावली आहे. थंडीत मेंढ्या-शेळ्या व्यायला लागल्या की गावातलं कुणीही आपली मेंढी तिथं नेतं. नियम एकच, आणि तो कुठं लिहिलेला नाही. कोकरानं उठून पहिला चीक प्यायल्याशिवाय मेंढीला जागेवरून कुणी उठवायचं नाही. पाटलानं नाही, पोलिसानं नाही, कुणीच नाही. बांधावरून एकमेकांची डोकी फोडलेली दोन घरं तिथं एकमेकांच्या मेंढीला राखण बसलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

नाना, तुम्ही तिथं इंग्रजी शिकवलंत.

मी आठवीत होते. तुम्ही घरात नाना आणि वर्गात सर, आणि मला दोन्हीकडं सारखंच रागवायचात. त्या दिवशी तुम्ही खडू खिशात टाकलात आणि म्हणालात, "चला." सगळा वर्ग तुमच्यामागं निघाला. वेतमाळावर आपलीच एक मेंढी खुरानं माती उकरत होती, गोल फिरत होती, बसत होती, परत उठत होती. तुम्ही सगळ्यांना लांब बसवलंत. बोलायचं नाही म्हणालात. नंतर बाभळीची काटकी घेऊन मातीत अक्षरं काढलीत. वाय, ई, ए, एन.

"यीन," तुम्ही म्हणालात. "हे क्रियापद हाय. जुनं. आता इंग्रज बी वापरत न्हाईत."

मागून दत्तादादाच्या धाकट्या भावानं विचारलं, "सर, परीक्षेला हाय का?"

"परीक्षेला न्हाई. हिवाळ्यात हाय."

"सर, इंग्रजांच्या मेंढ्या बी अशाच व्यातात व्हय?"

"अशाच. तिकडं थंडी जास्त, म्हणून वरडत जास्त असतील."

सगळे हसले, तेवढ्यात मेंढी बसली आणि पुन्हा उठलीच नाही. आधी दोन खुरं दिसली, मग त्यांच्यावर ठेवल्यासारखं नाक. तुम्ही हळू आवाजात बोलत होता. आपण मेंढी व्याली म्हणतो, म्हैस व्याली म्हणतो, कुत्री व्याली म्हणतो. त्यांच्या जुन्या भाषेत मेंढी-शेळीच्या बाळंतपणाला वेगळं क्रियापद होतं. कुणीतरी विचारलं, "काहून सर?" तुम्ही म्हणालात, "कारण त्यांची माणसं बी मेंढीजवळ अशीच बसत असतील. ज्याच्याजवळ माणूस बसतो, त्याला शब्द मिळतो."

नाना, तोपर्यंत त्या वर्गात माझ्या शेजारी बसायला पोरी तयार नसायच्या. माझ्या दप्तराला मेंढ्यांचा वास येतो म्हणायच्या. येत असेल, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी त्याच पोरी सरकत सरकत माझ्याजवळ आल्या आणि माझ्या कानाशी विचारायला लागल्या, "कावेरी, आता काय व्हईल गं? ती मरंल का?" मी सांगत होते. आता ती चाटंल. आता ते उठायला बघंल, पडंल, परत उठंल. आता सड धुंडंल. मी सांगितलं तसंच घडत होतं आणि पोरी माझ्याकडं बघत होत्या, जणू मीच ते घडवते आहे. साहेबलोकांच्या भाषेत आपल्या घरातल्या कामासाठी राखून ठेवलेला एक शब्द होता, हे मला त्या दिवशी कळलं. तो वास मग कुठं गेला ते मला माहीत नाही. दप्तर तर तेच होतं.

हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. आज कुठंही माइक हातात घेऊन उभी राहते, औंढ्याला तहसीलसमोर असो की नरसीच्या चौकात, तेव्हा मी वेतमाळावर बसलेली असते आणि सगळे माझ्याकडं सरकत असतात. सांगायचं राहिलं. तुम्ही म्हणाला असतात, "बरं बरं, मुद्द्याचं बोल."

तर मुद्द्याचं.

स्पेलिंग. आधी त्याला पुढचा 'वाय' नव्हता, तो एका जुन्या उपसर्गाची राहिलेली शेपटी आहे, हे तुम्ही मला ओट्यावर बसून समजावलंत. फार जुन्या इंग्रजीत हे क्रियापद साधारण 'एआनिअन' असं म्हणत असावेत. तुम्ही ते मोठ्यानं म्हणून दाखवलंत, पुन्हा पुन्हा, मान लांब करून. आतून मोठीमाय ओरडली, "काय मेंढरासारखं वरडून राहिले तुमी? शेजारी काय म्हणतील?"

"इंग्रजी बोलून राहिलो," तुम्ही म्हणालात.

"मंग बराबर हाय," ती म्हणाली.

अर्थ सांगून झाला. उरलं मूळ, आणि त्यावरच तर आपलं भांडण होतं. तुमच्या त्या जुन्या जाडजूड शब्दकोशात हे क्रियापद मेंढीच्या 'यू' या इंग्रजी नावाशी जोडलेलं होतं, आणि ते नाव म्हणजे संस्कृतात मेंढीला म्हणतात त्या 'अवि'चं सख्खं भावंड. हे सांगताना तुमचा चेहरा असा व्हायचा की जणू विलायतेत कुणी नातेवाईक सापडलाय. मी फोनवर शोधलं. आता जाणकार म्हणतात, हे क्रियापद मेंढीवरून आलेलं नाही, कोकरासाठी असलेल्या एका प्राचीन शब्दावरून आलंय, लॅटिनमधलं कोकरूही त्याच घरातलं. मी म्हटलं, "नाना, शब्द आईचा न्हाई, लेकराचा हाय."

"फोन बंद कर."

"बंद केला तरी लेकराचाच राहील."

"मेंढी नसती तर कोकरू आभाळातून पडलं असतं का?"

"अन् कोकरू नसतं तर ती व्याली कशावरून म्हणायचं?"

दुपारच्या दुपारी गेल्या यात. मोठीमाय येऊन म्हणायची, "आईचा असो न्हाईतर लेकराचा, दोघं बी उठा अन् मेंढरांना पाणी पाजा." आपण उठायचो, पाणी पाजायचो, आणि हौदापाशी पुन्हा सुरू. तुम्ही कधी हरला नाहीत. मीही नाही. मला वाटायचं, चालू राहील की हे, जायचंय कुठं.

दुसरं भांडण जास्त गंभीर होतं. शब्द मेला कसा? तुमचं म्हणणं, शब्दाची जागा गेली की शब्द जातो. इंग्लंडात गावाची सामाईक कुरणं बड्यांनी कुंपणं घालून आत घेतली, मेंढीजवळ बसणारा साधा माणूस तिथून उठवला गेला, मग त्याचं क्रियापद कोण बोलणार? मी म्हणायचे, नाना, असं नसतं. तिकडं तर बऱ्याच ठिकाणी मेंढ्यांसाठीच माणसं हाकलली, मेंढ्या वाढल्या. शब्द मेला कारण दुसरा सोपा शब्द त्याच्या जागी आला. तुम्ही विचार करून म्हणालात, "मेंढ्या वाढल्या असतील, कावे. बसणारा गेला ना." मी उत्तर शोधून ठेवलं होतं. अजून माझ्याकडंच आहे.

आणि तिसरं भांडण माझ्या पत्रकांचं. मागं एकदा वेतमाळावर झाडं लावायची म्हणून कुंपण घालायची टूम निघाली होती, तेव्हा मी पत्रक लिहिलं. "जनतेच्या हक्कावर दिवसाढवळ्या दरोडा! झोपलेल्या प्रशासनाचा धिक्कार असो!" तुम्ही चष्मा काढून पुसलात, परत घातलात, परत वाचलंत.

"कावे, ह्याच्यात समदे वरडून राहिले. मेंढी कुठाय?"

"मेंढीचा काय संबंध? मुद्दा जमिनीचा हाय!"

"जमीन मेंढीच्या पोटाखाली असती. तिला उभी कर, मंग दिसंल लोकांना."

मी दिवसभर तुमच्याशी बोलले नाही. मग पत्रक बदललं. नव्या पत्रकात उद्गारचिन्ह एकही नव्हतं. "मागच्या थंडीत तुमची मेंढी कुठं व्याली? आठवा आणि ग्रामसभेला या." लोक आले. ज्यांच्याकडं आता मेंढ्या नाहीत तेही आले. तुम्ही ग्रामसभेत उठून एवढंच म्हणालात, "झाडं लावा, कुंपण नका लावू. बाभळीला कुणी कुंपण घातलं होतं?" टूम बारगळली. पण भांडण राहिलं. तुम्ही म्हणायचात, ओरडणाऱ्यापासून माणूस मागं सरकतो. मी म्हणायचे, सरकला तरी वळून बघतो ना. आज हे लिहिताना मी ओरडू की मेंढी उभी करू, हे विचारायला ओट्यावर कुणी नाही. लाल पेन तुमच्या सदऱ्याच्या खिशात होतं. मोठीमायनं तो सदरा अजून धुतला नाही.

शेवटच्या दिवसांत तुम्ही फार बोलत नव्हता. मी बाहेरून आले की विचारायचात, "टिकलीची कास भरली का?" टिकली, आपली कपाळावर पांढरा ठिपका असलेली, पहिल्या वेताची. मी सांगायचे, "न्हाई अजून. लई वेळ हाय." तुम्ही म्हणायचात, "मंग ठीक हाय." तुम्ही वेळ मोजत होता की तिची वाट बघत होता, मला कळलं नाही. टिकलीच्या पहिल्या कोकराला बघायचं होतं तुम्हाला, हे मात्र मला कळत होतं.

कुंपण झालं, नाना. तुमचे विद्यार्थी कामाला पक्के निघाले. तार दत्तादादानं दुकानातून दिली. सिमेंटचे खांब आले, जाळी आली, आत पायवाट झाली. बाभळी तोडल्या नाहीत, उलट त्यांना पांढरा चुना आणि गेरू लावून सजवलंय, लग्नातल्या करवल्यांसारख्या उभ्या आहेत. गुलाबाची रोपं लावलीत. फाटकाला कुलूप आहे. एकाच्याही मनात तुमच्याबद्दल वाकडं काही नव्हतं. म्हणून तर लढायचं कुणाशी ते मला कळत नव्हतं. सरकारशी लढता येतं. तुमच्या फोटोला हार घालणाऱ्याशी कसं लढायचं, हे तुम्ही शिकवलं नाहीत.

मागच्या बाजाराच्या दिवशी, ऊन कलायच्या सुमाराला, मी औंढ्याहून जीपनं येत होते. वेतमाळाच्या वळणावर गाड्या थांबलेल्या. पुढं उसाचा ट्रॅक्टर, इंजिन बंद. मला वाटलं अपघात. उतरून धावत गेले.

मोठीमाय रस्त्यात बसलेली होती. पाय पसरून, डांबराच्या कडेला, गाड्यांकडं पाठ करून. तिच्यासमोर आपली म्हातारी ढवळी. ढवळीनं आजवरची सगळी वेतं वेतमाळावर केली. तिला कुणी नेऊन सोडावं लागत नसे, वेळ आली की ती आपणहून निघायची. त्या दिवशीही निघाली. मोठीमाय मागून निघाली. ढवळी तारेला नाक लावत लावत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, फाटकाशी उभी राहिली, परत फिरली. मग तिला थांबता येईना. रस्त्याच्या कडेला, काट्यात आणि गिट्टीत, ती बसली.

ट्रॅक्टरवाला आपल्या गावचा नव्हता. मी यायच्या आधी त्यानं हॉर्न वाजवला होता आणि ओरडला होता, "ए म्हातारे, मरायचंय का?" मोठीमायनं मागं न बघता हात वर केला. "व्याली हाय. चीक पिऊ दे." तो सीटवरून वाकला, बघितलं आणि त्यानं इंजिन बंद केलं. एवढंच केलं. मी पोचले तेव्हा तो मागच्या मोटारसायकलवाल्यांवर डाफरत होता, "आरं, काय पों पों लावलीय? व्याली हाय ना तिथं! तुझ्या मायला कुणी असं हाकललं होतं का?"

कोकरू ओलं होतं, थरथरत होतं, गिट्टीवर त्याचे पाय ठरत नव्हते. उठायचं आणि पडायचं. तेवढ्यात दत्तादादा बाजारातून आला, गाडीवर फाटकाच्या रंगाचे डबे.

"मोठीमाय, रस्त्यात काहून बसल्या? उठा, उठा. तिकडं सावलीत चला."

"कुठं?"

"उद्यानापाशी."

"फाटकाची किल्ली दे."

तो अडखळला. "उद्घाटन व्हायचंय अजून, मोठीमाय. रोपं कोवळी हायेत. मेंढी आत गेली की खाऊन टाकंल."

"मंग मी हितंच बरी हाय."

"अशी तकलीफ काहून करून घेता? लोक काय म्हणतील, सरांची बायको रस्त्यात..."

"दत्ता," ती म्हणाली, "ह्याचं नाक पूस."

नाना, तो गाडी उभी करून खाली बसला. खिशातला रुमाल काढून त्यानं कोकराचं नाक पुसलं. पुसताना त्याच्या सदऱ्याच्या खिशातली किल्ली खाली लोंबत होती, नवी, चकाकणारी. ती मला दिसत होती, मोठीमायला दिसत होती, त्यालाही दिसत असणार. त्यानं ती आत सरकवली. "मी एकटा काय करू?" तो हळूच म्हणाला. "कमिटी हाय. समद्यांचं ठरलंय."

कोकराला सड सापडला. शेपूट हलायला लागली. ट्रॅक्टरवाला वरून म्हणाला, "प्यालं का?" मोठीमाय म्हणाली, "पिऊन राहिलं." कोकराचं पिणं होईपर्यंत तो थांबला. तिनं ते पदरात उचललं, ढवळी मागं चालायला लागली, तेव्हा त्यानं इंजिन सुरू केलं आणि जाताना मोठीमायला हात जोडले. ज्या माणसानं तुमचं नाव कधी ऐकलं नाही, त्यानं तुमचा नियम पाळला.

मी तिथं उभी होते आणि मला घरी पळत जाऊन तुम्हाला सांगायचं होतं: नाना, मी हरले, शब्द आईचाच. ढवळी ज्या तऱ्हेनं तारेला नाक लावून फिरली ती पाहिल्यावर दुसरं काही म्हणताच येत नव्हतं. मग ते कोकरू गिट्टीवर परत परत उठायला लागलं आणि मला वाटलं, नाही, लेकराचाच. असं मी पाच मिनिटांत कितीदा पलटले. पलटायला समोर कुणी नव्हतं. ओट्यावर जाऊन बसले. मोठीमाय आतून म्हणाली, "भांडायला कुणी न्हाई का?" मी म्हटलं, "न्हाई." ती बाहेर येऊन माझ्याशेजारी बसली. "मंग मला सांग," ती म्हणाली, "काय होतं ते दोघांचं?" मी सांगितलं, आई की लेकरू. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "तुमच्या नानाला येवढंच भांडायचं होतं तर मला काहून न्हाई विचारलं?"

टिकलीची कास भरायला लागलीय, नाना. परवा मी हात लावून पाहिली. तुम्ही विचारणार म्हणून मी उत्तर तयार ठेवते, अजूनही, रोज घरात शिरताना.

आता तुम्ही जरा बाजूला बसा. मला यांच्याशी बोलायचंय. ओरडणार नाही, शब्द देते.

सरांच्या विद्यार्थ्यांनो, तुम्ही पाटीसाठी चार ओळी मागितल्या होत्या. घ्या.

यीन: वाय, ई, ए, एन.
अर्थ: मेंढीनं किंवा शेळीनं कोकरू-करडू जन्माला घालणं.
मूळ: फार जुनं इंग्रजी, आईवरून की लेकरावरून, याचा निकाल लागलेला नाही.
ही क्रिया या कुंपणाच्या आत करायला मनाई आहे.

चौथी ओळ गाळून पहिल्या तीन कोरायच्या असतील, तर माझं नाव खाली घालू नका, आणि सरांचंही नका घालू. दगड खोटं बोलेल. हा लेख छापायचा तर पूर्ण छापा. नाही छापलात तर मी त्याचं पत्रक काढीन आणि उद्घाटनाच्या दिवशी फाटकाशी उभी राहून वाटीन. ते काम मला येतं.

म्हणजे कसंही झालं तरी तुम्ही हे वाचाल तेव्हा फाटकाशीच असाल. मंडप असेल, सरांचा फोटो असेल, ताटात फीत कापायची कात्री असेल. तुमच्यातले बहुतेक जण या माळावर एकदा तरी गप्प बसून राहिलेले आहात. काय बघितलं होतं ते आठवा. दत्तादादा म्हणतो तो एकटा काय करणार. तो एकटा नाही, तुम्ही सगळे तिथं उभे आहात, कमिटी तुम्हीच आहात. बाकडी राहू द्या. गुलाब राहिले तर राहतील. पाटीही लावा, पहिल्या तीन ओळींची, खुशाल, माझी हरकत नाही, पण आधी कुलूप काढा. किल्ली दत्तादादाच्या सदऱ्याच्या खिशात आहे आणि पक्कड त्याच्या दुकानात.

फीत राहू द्या. तार कापा. टिकली आत आली की लांब बसा, आणि कोकरू चीक पिईपर्यंत कुणीही उठू नका.